खंड पडल्यावर पुन्हा खुर्चीशेजारी : दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीची मुलाखत

आजचा विषय ऐकायला छोटा वाटतो. पेणच्या बाजारपेठेतून चालत गेलं किंवा रोह्यात स्टेशनकडून गावात आलं, तर दातांच्या दवाखान्याच्या पाट्या सहज दिसतात. प्रत्येक पाटीच्या आत एक डॉक्टर असतो, आणि त्याच्या शेजारी बहुतेक वेळा एक बाई उभी असते. सक्शन धरणारी, सिमेंट कालवणारी, फोन घेणारी, केसपेपर काढणारी. तिचं नाव पाटीवर नसतं. आज आपण तिच्याबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही अशा बाईबद्दल जिनं हे काम चार-पाच वर्षं केलं, मग लग्न, बाळंतपण किंवा सासऱ्यांचं आजारपण यामुळे सोडलं, आणि आता पुन्हा मुलाखतीला जायचं म्हणतेय.

आधी नावाचा घोळ सोडवू. इंग्लंडमध्ये या कामाला डेंटल नर्स म्हणतात, आणि तिथे २००८ पासून त्यासाठी सरकारी नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे पेशंट ‘सिस्टर’ म्हणतात, डॉक्टर ‘असिस्टंट’ म्हणतात. आपल्या १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात डॉक्टरांखेरीज डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदणीची सोय होती. खुर्चीशेजारच्या असिस्टंटची नव्हती. त्यामुळे आपल्या भागात बहुतेक जणी हे काम दवाखान्यातच हाताखाली शिकल्या. त्यात कमीपणा काही नाही. पण बायोडेटावर ‘नर्स’ लिहू नका. जीएनएम किंवा एएनएम झालं असेल आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असेल तरच लिहा. नाहीतर सरळ ‘डेंटल असिस्टंट, अनुभव चार वर्षं’ असं लिहावं. समोरच्या डॉक्टरला हा फरक कळतो, आणि पहिल्याच ओळीत खोटं सापडलं की पुढचं खरंही त्याला खोटं वाटायला लागतं.

आता खंडाचा प्रश्न. मुलाखतीत तो येणारच : ‘मधली सहा वर्षं काय केलंत?’ इथे बऱ्याच जणी खाली बघतात. आम्हाला हे मनापासून खटकतं. असं बघा, मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, सगळीकडे कौतुक झालं. पण दुकानं आणि आस्थापनांना हा कायदा लागायचा तो दहा किंवा जास्त माणसं कामाला असली तर. एक डॉक्टर, एक असिस्टंट आणि सकाळी झाडू मारायला येणाऱ्या मावशी, एवढ्या दवाखान्यात दहा माणसं कुठून आणणार? म्हणजे मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयातली बाई ज्याला ‘रजा’ म्हणते, त्याच गोष्टीला पेणमधल्या बाईच्या बाबतीत ‘नोकरी सोडली’ म्हणतात. तिच्या कष्टात फरक नाही, तिच्या दवाखान्याच्या आकारात आहे. हे नीट कळलं की मान आपोआप वर राहते.

उत्तर मात्र लहान द्या. ‘मुलगा लहान होता, म्हणून २०१९ ते २०२५ घरी होते. आता तो शाळेत जातो, दुपारनंतर सासूबाई बघतात. मी सकाळी दहा ते संध्याकाळी सात येऊ शकते.’ बस. यात तीन गोष्टी आल्या : कारण, ते कारण आता का उरलं नाही, आणि तुमची वेळ. डॉक्टरला खरी भीती एवढीच असते की शिकवून तयार केली आणि तीन महिन्यांत परत गेली तर काय. त्या भीतीला उत्तर द्या, सहा वर्षांचा इतिहास सांगत बसू नका. सासरचं गाऱ्हाणं, नवऱ्याची नोकरी, कोर्टकचेरी यातलं काही नको. आणि ‘पुढचं मूल कधी’ असं कोणी विचारलंच, तर ‘सध्या मी काम करायचं ठरवूनच आलेय, डॉक्टर’ एवढं हसून म्हणा आणि विषय कामावर आणा. त्यापुढेही कोणी खोदून विचारत राहिलं, तर तो दवाखाना कसा आहे हे तुम्हाला तिथेच कळलं.

आता कामाकडे येऊ. मधल्या काळात काय बदललं? कोरोनानंतर मास्क, चष्मा, फेसशील्ड याबद्दल पेशंटसुद्धा जागरूक झाले. एक्स-रेची फिल्म धुवायची अंधारी पेटी बऱ्याच ठिकाणी गेली, सेन्सर आला, चित्र थेट कॉम्प्युटरवर. अपॉइंटमेंट वहीतून व्हॉट्सॲपवर गेली, पैसे गल्ल्यातून यूपीआयवर. हे सगळं आठ-पंधरा दिवसांत हाताला बसतं, त्याची धास्ती घेऊ नका. स्मार्टफोन चालवता येतो ना, मग सेन्सरही येईल. जे बदललं नाही, तेच जास्त विचारलं जातं, आणि तेच विस्मरणात गेलेलं असतं.

उदाहरणार्थ दातांचे नंबर. दोन आकडी पद्धत तुम्ही वापरली असेल : पेशंटची वरची उजवी बाजू एक, वरची डावी दोन, खालची डावी तीन, खालची उजवी चार. दुसरा आकडा मधल्या दातापासून मागे मोजायचा. तेव्हा खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ म्हणजे तीन-सहा. ‘छत्तीस’ म्हणू नका, तीन-सहा म्हणा. (मराठी माणसाला छत्तीसचा आकडा एरवीही बरा नाही!) डावं-उजवं पेशंटचं, तुमचं नाही. दुधाच्या दातांना पाच ते आठ हे आकडे लागतात. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडात बोट ठेवून म्हणा, दोन संध्याकाळी पुरतात. रूट कॅनालच्या फाइल्सचे रंगही तसेच : पंधरा नंबर पांढरी, वीस पिवळी, पंचवीस लाल, तीस निळी, पस्तीस हिरवी, चाळीस काळी. पंचेचाळीसपासून पुन्हा पांढऱ्यावर. डॉक्टर ‘पंचवीस’ म्हणाले आणि तुमचा हात लालकडे गेला, तर मुलाखत निम्मी झाली म्हणायची.

सगळ्यात जास्त वेळ आपण निर्जंतुकीकरणाला देऊ, कारण चूक झाली तर इथे माणसाचं नुकसान होतं. क्रम असा : वापरलेली हत्यारं आधी धुवायची, जाड ग्लोव्ह्ज घालून, ब्रशने किंवा अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये. मग पुसून कोरडी, मग पाऊचमध्ये, मग ऑटोक्लेव्ह. रक्त चिकटलेलं हत्यार तसंच ऑटोक्लेव्हमध्ये टाकलं तर वाफ रक्ताच्या थराखाली पोचत नाही. १२१ अंशांना १५ पौंड दाबावर साधारण १५ ते २० मिनिटं, किंवा १३४ अंशांना तीन-चार मिनिटं. यात मशीन तापायचा आणि निवायचा वेळ धरलेला नाही. पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे आतलं निर्जंतुक झालं असं समजू नका. उष्णता लागली एवढंच ती पट्टी सांगते. खात्री करायची तर जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी असते, ती ठरावीक दिवसांनी करतात. आणि उकळत्या पाण्यात हत्यारं घालणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. जुन्या दवाखान्यात तुम्ही ते केलं असेल, पण मुलाखतीत ‘आम्ही उकळत होतो’ हे अभिमानानं सांगू नका.

इथे आपल्या कोकणातली एक गोष्ट, जी मुंबईच्या पुस्तकात फारशी भेटत नाही. पावसाळ्यात लाइट जाते. ऑटोक्लेव्ह चालू असताना मध्येच लाइट गेली तर काय कराल? असं कोणी विचारलं तर उत्तर एकच : ती फेरी बाद, लाइट आल्यावर पहिल्यापासून. ‘दहा मिनिटं झाली होती, आता उरलेली पाच’ असं चालत नाही. आणि पाऊच ओला निघाला तर तोही बाद, कारण ओल्या कागदातून जंतू आत जातात. कॉम्प्रेसरच्या टाकीत पावसात पाणी जास्त जमतं, ते रोज काढावं लागतं. ग्लास आयोनोमर सिमेंटच्या पावडरीची बाटली आणि माप घ्यायच्या अल्जिनेटचा डबा उघडा राहिला, तर दमट हवेनं माल खराब होतो. मे महिन्यात याच अल्जिनेटचा वेगळा त्रास : गरमीत ते भराभर घट्ट होतं, ट्रे तोंडात जाईपर्यंत बसून जातं, म्हणून थंड पाणी घ्यायचं. ही तीन-चार वाक्यं तुम्ही बोललात तर डॉक्टर ओळखतो की या बाईनं इथे, याच हवेत काम केलंय. कुठलंही सर्टिफिकेट हे सांगू शकत नाही.

दोन पेशंटच्या मध्ये काय करता, हाही ठरलेला प्रश्न. हँडपीसमधून २० ते ३० सेकंद पाणी सोडायचं, मग तो काढून साफ करून ऑटोक्लेव्हला. नुसता स्पिरिटनं पुसून पुढच्या पेशंटला नाही. खुर्ची, लाइटचं हँडल, ट्रे पुसायचा. सक्शनची टीप नवी. ग्लोव्ह्ज काढल्यावर हात धुवायचे, ग्लोव्ह्ज होते म्हणून सुटका नाही. आणि ग्लोव्ह्ज घातलेल्या हातानं फोन उचलायचा नाही, ड्रॉवर उघडायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि मोडलंही सगळीकडे जातं.

कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमांनी ठरवले. काढलेला दात, रक्ताचा कापूस, मास्क : पिवळी पिशवी. ग्लोव्ह्ज, सक्शनची नळी, सुई काढलेली सिरिंज : लाल. सुया, ब्लेड : पांढरा, न भोसकला जाणारा डबा. काच : निळा. पारा-चांदीचं जुनं फिलिंग असलेला दात मात्र जाळायच्या कचऱ्यात टाकायचा नसतो, कारण जाळल्यावर पारा हवेत जातो. तो वेगळा ठेवून डॉक्टरांना विचारायचं. पिवळ्या पिशवीतला माल ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. पेशंटला आठवण म्हणून दात घरी न्यायचा असतो, लहान मुलांच्या बाबतीत तर नेहमीच. तोही डॉक्टरांना विचारून, साफ करून.

त्याच नियमांत एक गोष्ट लिहिली आहे जी फार कमी जणींना माहीत असते. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी दवाखान्याची आहे. कामावर रुजू होताना आणि मग वर्षातून एकदा प्रशिक्षणही. दवाखाना केवढाही छोटा असो. तेव्हा लसीचं विचारताना आपण उपकार मागत नाही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस : पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. आधीच्या नोकरीत घेतले असतील तर त्याचा कागद शोधून ठेवा. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली अँटीबॉडी तपासतात, ती केली असेल तर तोही रिपोर्ट न्या. बायोडेटाला जोडलेला हा एक कागद फार बोलतो.

सुई टोचली तर? घाबरून बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण-पाण्यानं धुवायचं, लगेच डॉक्टरांना सांगायचं, पेशंट कोण होता ते लिहून ठेवायचं, आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. पेणला आणि रोह्याला दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध जमलं तर दोन तासांत, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. ‘डॉक्टर रागावतील म्हणून सांगितलं नाही’ हे सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे.

पेशंटशी बोलणं हा या कामाचा अर्धा भाग, आणि इथे खंड पडलेल्या बाईचं पारडं जड असतं असं आमचं मत आहे. वीस वर्षांच्या मुलीपेक्षा तिनं माणसं जास्त पाहिलेली असतात. हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यातला कारागीर सीझनमध्ये दात दुखला तरी दुखणं दाबून बसतो आणि तोंड सुजल्यावर येतो. धाटावच्या एमआयडीसीतला कामगार शिफ्ट सुटल्यावरच येऊ शकतो. कातकरी वाडीवरची म्हातारी खुर्चीत बसायलाच घाबरते. कित्येक आजी मशेरी लावतात आणि विचारलं की ‘नाही गं बाई’ म्हणतात. तुम्ही ‘आजी, मशेरी किती वेळा, सकाळी एकदा की दुपारीपण?’ असं सहज विचारलं तर खरं उत्तर मिळतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही असे पेशंट येतात. त्यांना रागावू नका, लाजवू नका. डॉक्टरांना आधी हळूच सांगा, कारण त्या तोंडात हत्यार कसं जाणार हाच पहिला प्रश्न असतो.

डॉक्टर एखादा प्रसंग घालतील : ‘गणपतीचा दुसरा दिवस. मुंबईहून गावी आलेले एक काका गाल सुजवून आलेत, अपॉइंटमेंट नाही, बाहेर पाच जण बसलेत. काय कराल?’ इथे ‘डॉक्टरांना विचारीन’ एवढं पुरत नाही. काय विचारून ठेवाल ते सांगा. कधीपासून सूज, ताप आहे का, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतो का, तोंड उघडतंय का. शुगर, बीपी, हृदयाचं काही, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी. गिळायला किंवा श्वासाला त्रास म्हटलं की रांग नाही, तेव्हाच आत. बाकीच्यांना बाहेर जाऊन सांगायचं, ‘एक तातडीचं आहे, वीस मिनिटं उशीर होईल,’ कारण न सांगता थांबवलेला माणूस जास्त चिडतो. रक्त पातळ करायची गोळी बंद करा असं मात्र आपण कधीही सांगायचं नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

आणि एक प्रश्न विसरू नका : ‘जेवून आलात ना?’ आपल्याकडे संकष्टी, सोमवार, नवरात्र, सगळ्याला उपास. उपाशीपोटी आलेला माणूस इंजेक्शन बघून चक्कर येऊन पडतो. पडलाच तर खुर्ची आडवी करा, पाय वर, कपडे सैल, डॉक्टरांना हाक. पोटुशी बाई असेल तर डाव्या कुशीवर. मधुमेही शुद्धीत असेल तर साखर-पाणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

आता तुमची पाळी. मुलाखत दोन्ही बाजूंनी असते. वेळ नेमकी विचारा. संध्याकाळी आठपर्यंत दवाखाना म्हणजे शेवटचा पेशंट साडेआठला उतरतो, मग हत्यारं धुणं, मग कुलूप. पेणला नोकरी आणि घर नागोठण्याला किंवा रोह्याला असेल तर दिवा-रोहा गाडी आणि एसटी यांच्या वेळा कागदावर लिहून मगच ‘हो’ म्हणा. मुंबई-गोवा हायवेवर पावसात काय होतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. सुट्टीचा वार कोणता, गौरी-गणपतीला किती दिवस, पगार किती तारखेला, महिन्यानंतर वाढ की वर्षानंतर. पगाराचा आकडा आधी तुम्ही सांगू नका, पण आजूबाजूच्या दोन दवाखान्यांत काय देतात याची चौकशी करून जा.

एक्स-रे असेल तर विचारा की पेशंटच्या तोंडात फिल्म किंवा सेन्सर कोण धरतं. उत्तर ‘पेशंट स्वतः’ किंवा ‘होल्डर’ असंच असायला हवं. असिस्टंटनं बोटानं धरायची पद्धत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. दिवस गेले असतील तर ते लवकर सांगा.

आणखी एक अवघड गोष्ट. एक डॉक्टर आणि एक बाई, बंद एसी खोली, संध्याकाळची वेळ. बहुतेक ठिकाणी काही होत नाही. पण झालं तर कुठे जायचं? २०१३ च्या कायद्यात दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेसाठी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. आपल्याकडे चौकशी करायची ती अलिबागला, जिल्हाधिकारी कार्यालयात. हे मुलाखतीत बोलायचं नाही, माहीत असू द्यायचं.

मुलाखतीला जाताना नखं कापलेली, केस बांधलेले, हातात बांगड्या-अंगठ्या कमी. मंगळसूत्र कपड्याच्या आत. तेलकट सेंट नको, पेशंटच्या तोंडाजवळ काम आहे. साडी चालते का ड्रेस, असं बऱ्याच जणी विचारतात. दोन्ही चालतं, पदर पिन केलेला असावा. बरेच डॉक्टर ‘उद्या एक दिवस येऊन काम करून दाखवा’ म्हणतात. जावं. पण तो एक दिवस किंवा फार तर दोन. आठवडाभर बिनपगारी ‘ट्रायल’ कोणी सांगितली तर पैशाचं आधी ठरवा. त्या दिवशी न विचारता हत्याराला हात लावू नका, ट्रेची मांडणी या डॉक्टरची कशी आहे ते बघा. प्रत्येकाची वेगळी असते, आणि ‘आमच्या आधीच्या सरांकडे असं नव्हतं’ हे वाक्य घरी ठेवून या.

शेवटी श्रोत्यांतून एक प्रश्न आला होता : ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेऊ का असं डॉक्टर म्हणाले तर द्यावीत का? नाही. ओरिजिनल दाखवायची, झेरॉक्स सही करून द्यायची आणि ओरिजिनल पिशवीत घालून घरी आणायची. बारावीचं मार्कलिस्ट, आधीच्या डॉक्टरचं अनुभवाचं पत्र, लसीचा कागद, सगळ्याला हेच. आधीच्या डॉक्टरनं दवाखाना बंद केला असेल आणि पत्र मिळत नसेल, तर त्या काळातला पगाराचा बँकेतला एंट्री झालेला पासबुकाचा पानाचा झेरॉक्स चालतो. रोख पगार असेल तर तेव्हा तिथे माल पुरवणाऱ्या मटेरियलवाल्याचं किंवा लॅबवाल्याचं नाव त्यांना विचारून सांगा. या पट्ट्यात तो बहुधा दोन्ही दवाखान्यांत येत असतो, आणि तुम्ही अल्जिनेटचा डबा उघडा ठेवत होतात की नाही, हे त्याला चांगलं आठवतं.